गाडी लागते का?

त्या साली आमच्या घरात फोडणी बंद होती.

गॅस पेटायचा, भाकरी व्हायची, डाळ शिजायची. पण कढईत तेल तापवायचं नाही, मोहरी तडतडू द्यायची नाही, लसूण लाल करायचा नाही. तेलाचा वास नाकात गेला की आईच्या उजव्या बरगडीखाली कळ उठायची आणि कळेच्या पाठोपाठ मळमळ. तात्या, म्हणजे माझे वडील, शिजलेल्या डाळीत मीठ कालवून भाकरी खायचे. एरवी आमटी जराशी पातळ झाली तरी घर डोक्यावर घेणारा माणूस, तो त्या हिवाळ्यात ताटात बघून मुकाट जेवायचा. ते मुकाट जेवणंच मला जास्त ऐकू यायचं. आणि आई पेज पिऊन भिंतीला टेकून बसायची, नाकातोंडावर पदर धरून.

आमचं गाव महाळुंगे पडवळ. जमीन थोडी, त्यातली निम्मी खडकाळ, म्हणून आई-तात्यांचं आयुष्य दुसऱ्याच्या रानात गेलं. कांद्याच्या लागणीला, काढणीला, गोणी भरायला, जिथून बोलावणं येईल तिथं. त्यातून मी शिकले. आमच्या घरातली मी पहिली ग्रॅज्युएट, बी.कॉम. हे मी कुणी विचारायच्या आधी सांगते आणि सांगताना मान खाली घालत नाही. आळेफाट्याजवळच्या एका रोपवाटिकेत ऑफिसचं काम बघते. पण त्या हिवाळ्यात माझं शिक्षण घरात एकाच कामाला आलं. जो तो म्हणायचा, "तू शिकलीयस ना? मग सांग की."

आता परत कांद्याचा हंगाम आलाय. फाल्गुन सरत आला, समोरच्या रानात कांदा काढून पडलाय. बायका ओळीनं बसून विळ्यानं पात कापतायत आणि कापलेल्या पातीचा तो ओला, उग्र, डोळ्यांच्या मागं जाऊन बसणारा वास दुपारच्या वाऱ्याबरोबर ओसरीवर येतो. लोकांना या वासानं भूक लागते. मला हॉस्पिटलचा बाक आठवतो, स्पिरिटचा बोळा आठवतो आणि एक साधा प्रश्न आठवतो, जो मराठीत विचारला होता आणि मराठी माणसांना कळला नव्हता. वासाची आणि आठवणीची गाठ कोण मारतं, मला माहीत नाही. बी.कॉम.ला ते नव्हतं.

सोनोग्राफीत पित्ताच्या पिशवीत खडे दिसले. सर्जननी तसं सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "रानातलं येचून सपलं न्हाईत, तवर आत बी झालं का?" सर्जन हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, एखादा खडा नळीत जाऊन अडकला तर कावीळ होईल, स्वादुपिंडाला सूज येईल, जिवावर बेतेल. तेव्हा धावाधाव करण्यापेक्षा आता शांतपणे पिशवी काढून टाकू. दुर्बिणीनं, बारीक भोकं पाडून. दुसऱ्या दिवशी घरी.

आई उठली, पदर सावरला आणि म्हणाली, "दुखंल त्ये सोसंन. पर परत भूल घ्यायची न्हाई."

त्या 'परत'मध्ये सगळं होतं. मी कॉलेजात असताना तिची गर्भपिशवी काढली होती, तालुक्याच्या गावातल्या एका दवाखान्यात. ऑपरेशन चांगलं झालं, असं सगळेच म्हणाले. पण शुद्धीवर आली तशा उलट्या सुरू झाल्या. पोटात काही नव्हतंच. आधी हिरवट कडू पाणी, मग नुसतेच कोरडे उमासे. प्रत्येक उमाशाला ती दोन्ही हातांनी टाके दाबून धरायची. इंजेक्शन दिलं, थोड्या वेळानं परत तेच दिलं. आळ्याची मावशी, म्हणजे आईची थोरली बहीण, तेव्हा सोबतीला होती. "पोट रिकामं हाय म्हून व्हतंय," म्हणत तिनं थर्मासातला चहा आणि त्यात बुडवलेलं बिस्कीट भरवलं. तेही बाहेर आलं. त्या दिवसांतलं मला एकच नीट आठवतं. उमासा यायच्या जरा आधी आई माझ्याकडं बघायची. तिचा काहीतरी गुन्हा झालाय आणि तो मी पोटात घालावा, असं बघायची.

म्हणून मी तिला जोर करू शकत नव्हते. पण कळा वाढत चालल्या होत्या. अंगातलं झंपर ढगळ झालं होतं. रानात कांदा काढायला आला होता आणि आयुष्यात पहिल्यांदा ती काढणीला गेली नव्हती. बायका वाटेनं जाताना हाक मारायच्या, "येती का गं?" ही आतून म्हणायची, "व्हा फुडं." पुढं झालेल्या बायका मागं वळून बघायच्या.

उलटीवर गावात प्रत्येकाकडं उत्तर होतं. मावशी आळ्याहून आली ती ठरवूनच आली. "तिची भूल पुरी उतारलीच न्हवती. आर्दी आतच ऱ्हायली. आजून आसंल." शेजारणीचं म्हणणं, नजर लागली. कुणी म्हणालं, पोटात वारा शिरला. कुणी म्हणालं, लिंबू हुंगायला द्यायचं राहिलं. तात्यांचं मत बेल्ह्याच्या बैलबाजारातून आलेलं होतं.

"बैल टेम्पोत चढवायचा तर आदल्या सांजपास्नं पेंड देत न्हाईत," ते म्हणाले. "पोट हलकं पायजेल. हिनं त्या टायमाला काय तरी खाल्लं आसनार."

"तात्या, बैल कधी उलटी करतो का?"

"मग रवंथ काय आसतंय?"

भिंतीला टेकलेली आई तिथूनच म्हणाली, "मला बेल्ह्याला न्यायची हाय का? दात बगून ठिवा मग." आम्ही हसलो. ती पण हसली, आणि हसता हसता तिचा हात बरगडीखाली गेला.

मी मोबाइलवर वाचत बसायचे. वाचून डोकं जास्तच फिरायचं. एका ठिकाणी लिहिलेलं, उपाशी राहिल्यानं मळमळ वाढते; दुसऱ्या ठिकाणी, खाल्लं तर उलटी छातीत जाऊन जीव जाईल. कुठं भुलीच्या वायूला दोष, कुठं दुखणं थांबवायच्या औषधाला. म्हणजे दुखू नये म्हणून जे देतात त्यानंच ओकायला होतं? मग माणसानं दुखणं घ्यायचं की उलटी? परीक्षेत निदान चार पर्यायांतलं एक उत्तर बरोबर असतं. इथं सगळीच बरोबर होती, आणि मला त्यांचं करायचं काय ते कळत नव्हतं.

एके संध्याकाळी मी आईला सरळ विचारलं. "दुखणं एवढं सोसतेस. विळा लागून बोट फाटलं तर हळद दाबून काम करतेस. मग उलटीलाच एवढी का भितेस?"

ती शेणकुटाचा ढीग सारखा करायला लागली. "ती उल्टी सादी न्हवती रूपे," म्हणाली, आणि तोंड मिटलं ते मिटलंच.

शेवटी एका गोष्टीला कबूल झाली. भुलीच्या डॉक्टरांना नुसतं भेटायचं. "इचारायचं आन् मागारी यायचं. सही न्हाई करायची," अशी अट घातली. तात्यांनी ओळखीच्या माणसाची पिकअप सांगितली. आई पुढं बसेना. मागं हौद्यात, रिकाम्या कांद्याच्या गोण्यांवर, वाऱ्याला तोंड करून बसली. ती कायम तशीच जाते. बंद गाडी तिला चालत नाही, एस.टी. तर नाहीच. मंचर येईपर्यंत ती पांढरीफटक होते, आणि पुढच्या कुठल्याही वळणावर खिडकी गाठते. थोरल्या बहिणीच्या घरची कितीतरी लग्नं, बारशी तिनं यापायी सोडली. मावशीचा त्यावर अजून राग आहे. आमच्या घरात याला एकच वाक्य आहे, "हिला येष्टी सोसत न्हाई." दुसरं नाव आम्ही कधी दिलंच नाही.

हॉस्पिटलातल्या भुलीच्या डॉक्टर म्हणजे तरुण बाई होत्या. बोलणं शहरातलं, पण तोऱ्याचं नव्हे. मी आधीच्या उलट्यांचं सगळं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं आणि आईला एकेक विचारायला लागल्या. दात हलतो का, दम लागतो का, कुठल्या गोळ्या चालू आहेत का. आई हो-नाही करत होती. मग त्यांनी मान वर न करता विचारलं, "मावशी, गाडी लागते का तुम्हाला?"

आई दगडासारखी झाली. तात्याच म्हणाले, "न्हाई न्हाई, पिकअप हाय की. भायेर उबी हाय."

डॉक्टरबाई काही लिहीत होत्या. तेवढ्यात आई खुर्चीवरून उठली आणि दार ढकलून बाहेर गेली.

मला काही कळेना. डॉक्टरबाईंनाही कळेना. तात्या माझ्याकडं बघायला लागले, मी त्यांच्याकडं. मी मागं धावले. आई व्हरांड्यातल्या बाकावर बसली होती. एका हातात पिशवी घट्ट धरलेली, पायांत चपला.

"चल घरी," ती म्हणाली.

"अगं पण झालं काय?"

"आदीच गाडीचं इचारत्यात. मागच्या टायमाला बी हेच इचारलं व्हतं. मी निजलेली, आन् त्यो डॉक्टर म्हनला, गाडी लागती का? तुजं तात्या म्हनलं, लागंल तवा सांगतो. मी ऐकत व्हते ना समदं."

मी तिच्याजवळ बाकावर बसले.

"मला वाटलं, डॉक्टरला दिसलं आसंल. ही काय वाचत न्हाई, तर मयत न्यायला गाडी सांगून ठिवा. मग आत नेलं. शुद्धीवर आले तर ह्या उल्ट्या. म्हनलं, ह्येच त्ये. आतलं समदं भायेर पडतंय, आता जीव बी पडनार." तिनं पिशवी मांडीवर घेतली. "वाचले. पर दोनदा कोन वाचतंय?"

तेव्हा मला काय वाटलं ते आजही नीट मांडता येत नाही. हसू फुटत होतं आणि रडू येत होतं, दोन्ही एकाच वेळी. इतकी वर्षं ही बाई त्या उलटीला मरण समजत होती, आणि तिला तसं समजायला लावणारं वाक्य आम्ही कॉलेजात रोज बोलायचो. सहलीला निघालो की पोरी म्हणायच्या, "मला गाडी लागते, मला खिडकी दे." ते मी घरी कधी आणलं नाही. घरी एस.टी. सोसत नसते. घरी 'लागणं' म्हणजे गरज असणं. खत लागतं, बारदान लागतं, ट्रॅक्टर लागतो. आणि दवाखान्यात निजलेल्या माणसाच्या डोक्याशी उभं राहून कुणी 'गाडी' म्हटलं, तर ऐकणाऱ्याला कुठली गाडी दिसणार?

"आई, ती गाडी नव्हे," मी म्हटलं. "तुला येष्टी सोसत नाही ना, मळमळतं ना, त्याला त्या लोकांत गाडी लागणं म्हणतात."

"येष्टीला?"

"येष्टीलाच."

"मग तसं इचारायचं की."

"तसंच विचारलं त्यांनी."

"न्हाई. तिनं गाडी म्हनलं." तिनं पिशवी खाली ठेवली. मग तोंडाला पदर लावून खांदे हलवायला लागली. मला वाटलं रडतेय. हसत होती. "आन् ह्ये म्हनलं, लागंल तवा सांगतो! हौस बगा गड्याची!"

ती आपणहून उठली, आत गेली, आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली, "बाई, येष्टी म्हना. येष्टी मला अजाबात सोसत न्हाई. मंचर बी गाठत न्हाई मी."

मी डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं. "मी हे रोज विचारते," त्या म्हणाल्या. "आत्तापर्यंत किती जणांनी मला कुठल्या गाडीचं उत्तर दिलं असेल, कुणास ठाऊक." म्हणजे गोंधळलेली मी एकटी नव्हते. ते बघून मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं नवल पण वाटलं.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला तेव्हा अर्धं कळलं, आता पाऊण कळतं. ही उलटी पोटातून सुरू होत नाही, डोक्यातून होते. मेंदूत एक जागा आहे, तिला भुलीची औषधं खटकतात. "डोस्क्यात उल्टी?" आईनं विचारलं. "आदेश डोक्यातून, काम पोटाचं," बाई म्हणाल्या. कुणाची ती जागा तापट असते, कुणाची शांत. पुरुषांपेक्षा बायकांना त्रास जास्त. ज्यांना प्रवासात मळमळतं त्यांना जास्त. आधीच्या ऑपरेशनला झाल्या असतील तर जास्त. दुर्बिणीनं पित्ताची पिशवी काढताना जास्त. आणि बिडी-सिगारेट न ओढणाऱ्यांना जास्त.

"न ओढनाऱ्यास्नी?" तात्या ताठ बसले. "म्हंजी मी वढतो त्ये बरंच की."

"तुमच्या फुप्फुसाचं ऑपरेशन करायची पाळी आली ना, तेव्हा तुम्हाला उलट्या कमी होतील भाऊ," बाई म्हणाल्या.

आईनं तेवढ्यात हळूच विचारलं, "मिशरी चालंल का?" मघाशी तंबाखूचं विचारलं तेव्हा आईच 'न्हाई, न्हाई' म्हणाली होती. डॉक्टरबाईंनी डोक्याला हात लावला. मिशरीनं उलटी थांबते असं कुठं वाचलेलं नाही, आणि थांबत असती तरी लावा म्हणून सांगणार नाही, म्हणाल्या. मी मात्र घरी जाईपर्यंत त्याच गोष्टीवर अडकले होते. बिडी ओढणारा सुखानं झोपणार आणि जन्मात बिडीला न शिवलेली बाई ओकणार, ह्यात न्याय कुठला? याचं कारण नक्की कुणाला माहीत नाही, असंही बाईच म्हणाल्या होत्या. डॉक्टरनं 'माहीत नाही' म्हणावं, हेसुद्धा मी तोवर ऐकलं नव्हतं.

पण काय करायचं ते त्यांना माहीत होतं. भुलीचा वायू न वापरता शिरेतल्या औषधानंच झोपवून ठेवायचं. उलटी अडवायची औषधं एकाच जातीची नाही, वेगवेगळ्या जातींची द्यायची. एक सुरुवातीला, एक ऑपरेशन संपताना. टाक्यांच्या जागा इंजेक्शननं बधिर करायच्या, म्हणजे दुखण्याचं जड औषध कमीत कमी लागेल. सलाइन भरपूर. "आणि एवढं करून झालीच उलटी, तर सकाळचंच औषध परत द्यायचं नाही. तिसऱ्या जातीचं द्यायचं." मग आईकडं वळून म्हणाल्या, "मावशी, उलटी होणारच नाही असं मी लिहून देणार नाही. पण झाली तर ती औषधाची उलटी असेल. मरणाची नाही."

आईनं खुर्ची टेबलाजवळ ओढली. "सही कुटं करायची?" तिनं विचारलं.

बाहेर पडताना दारातून ऐकू आलं, बाई पुढच्या आजोबांना विचारत होत्या, "बाबा, एस.टी. सोसते का तुम्हाला?"

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी पाण्यावरून तंटा झाला. खाणं आदल्या रात्रीपासून बंद, पण साधं पाणी ऑपरेशनच्या दोन तास आधीपर्यंत प्यायचं, कोरडं राहिल्यानं मळमळ वाढते, असं बाईंनी बजावलं होतं. आईला ते पटेना. तिच्या हिशेबात उपास दोन प्रकारचे, साबुदाण्याचा आणि निरंकार. हा तर डॉक्टरनं सांगितलेला, म्हणजे निरंकारच. थेंब घेणार नाही. मावशीनं फोनवरून तिचीच बाजू घेतली. "शिकल्याली आसली म्हून काय झालं, पानी दिऊ नगं." मी म्हटलं, हा देवाचा उपास नाही, डॉक्टरचा आहे. डॉक्टरच्या उपासाला पाणी चालतं. आईनं ग्लास घेतला, भिंतीकडं तोंड केलं, आणि कुणी बघत नाही असं करून प्यायली.

तिला आत नेल्यावर तात्या आवाराबाहेर जाऊन बिडी ओढून आले. माझ्या नजरेला नजर न देता म्हणाले, "आवशीद घेतलं."

तिला बाहेर आणलं तेव्हा मी तिच्या पोटाकडं बघितलंच नाही. गळ्याकडं बघत होते. गळा हलला की मी पुढं सरकायचे. खिडकीतून वारा येत होता, आणि त्या वाऱ्याला कुठल्यातरी रानातल्या पातीचा वास होता. मी उठून खिडकी लावली. मग वाटलं, कोंदट हवेनं तिला गुदमरेल. उघडली. परत लावली. सिस्टर म्हणाल्या, "ताई, एकदा काय ते ठरवा."

आईनं डोळे उघडले. "झालं?"

"झालं."

"उल्टी?"

"नाही झाली."

"व्हईल," ती म्हणाली आणि डोळे मिटून घेतले.

मग आम्ही दोघी त्या उलटीची वाट बघत बसलो. कसला दिवस होता तो! जिची वाट बघायची ती यायला नको होती, आणि येत नव्हती म्हणून जीव थाऱ्यावर नव्हता. आई मधून मधून जिभेनं ओठ ओले करायची आणि मी उलटीचा ट्रे उचलायचे. ती नुसती मान हलवायची. दुपार कलली. तिनं दोन चमचे पाणी घेतलं. ते आत राहिलं. ते आत राहिलं यावर मला बराच वेळ विश्वास बसला नाही. कोण सांगणार, कुठं दबा धरून बसलं असेल?

संध्याकाळी मावशी आली. पदराखाली डबा. "समदा दिस उपाशी माझी बाय," म्हणत तिनं कुणी काही बोलायच्या आत झाकण उघडलं. लसणाची फोडणी दिलेली मेथी. वास खोलीभर झाला. आईचा चेहरा पांढरा पडत गेला, कपाळावर घाम आला, आणि तिनं माझ्याकडं बघितलं. तेच बघणं. गर्भपिशवीच्या वेळचं.

मी सिस्टरांना हाक मारली. त्या आल्या, आधी डब्याला झाकण लावलं. पलंगाची डोक्याकडची बाजू वर केली. स्पिरिटचा बोळा आईच्या नाकाशी धरला, "हळू, नाकानं वास घ्या. लांब श्वास. सोडा." मग सलाइनमधून औषध सोडलं. मी विचारलं, सकाळचंच ना? "नाही, हे वेगळं. बाईंनी लिहून ठेवलंय." बोळा, श्वास, बोळा, श्वास. आईचा एक हात टाक्यांवर गेला होता. तो तिथंच दाबून धरलेला राहिला. मी ट्रे धरून उभी होते, आणि ट्रेमध्ये काही पडत नव्हतं. हळूहळू तो हात सैल झाला. चेहऱ्यावर रंग आला. "गेली," आई म्हणाली. पाहुणी दारातून परत गेल्यासारखं म्हणाली.

मावशी रुसली. "मी काय इख आनलं व्हतं का?"

"उद्या आणा मावशी," सिस्टर म्हणाल्या. "आज भाऊंना द्या."

तात्या डबा घेऊन जिन्यात गेले. मी मागून गेले तर पायरीवर बसून मेथी खात होते. महिनोन् महिने मीठ-डाळ खाल्लेला माणूस. डोळ्यांत पाणी होतं. लसणाचं का कशाचं, मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाई आल्या तेव्हा मी त्यांना गाठलं. "नक्की कशानं थांबली?" मला एक नाव पाहिजे होतं, एक औषध, एक कारण, गावात जाऊन ठणकावून सांगता येईल असं. त्या म्हणाल्या, "सगळ्यानं थोडी थोडी. किंवा यावेळी तशीही झाली नसती. एका माणसाच्या बाबतीत हे कधीच सांगता येत नाही."

मला ते आवडलं नाही. आजही आवडत नाही. मी आकडे जुळवणारी बाई. जुळलं तर का जुळलं, ते मला दिसावं लागतं. इथं बेरीज जुळली होती आणि कुठल्या रकमा मिळवल्या ते कुणाला सांगता येत नव्हतं. तात्या सांगतात, पोट हलकं ठेवलं म्हणून. मावशी सांगते, तिनं आळ्यात नारळ बोलला होता म्हणून. शेजारणीला वाटतं, नजर उतरली. आईला विचारलं तर ती म्हणते, "गाडी बोलावली न्हवती, म्हून." आणि कधी कधी मला वाटतं, या सगळ्यांत तीच खरं सांगत असेल. भीतीनं मळमळ वाढते, असंही मी कुठंतरी वाचलंय. भीती गेली म्हणून उलटी अडली, की औषधांनी अडली आणि भीतीचं मी आपलं जोडतेय? ओसरीवर बसून मी हे उलटंपालटं करत राहते. समोर पात कापणाऱ्या बायका एकमेकींना काहीबाही बोलत हसतात. त्यांना हे विचारावं असं वाटतं, पण त्या काय म्हणतील ते ठाऊक आहे. "तू शिकलीयस ना? मग सांग की."

मला सांगता येतं ते एवढंच. भुलीला आई स्वतः कबूल झाली. तिच्या पित्ताची पिशवी निघाली. आणि तिला उलटी झाली नाही, एकदाही नाही.